काचेची गोधडी

आखातात, मआमीरला आमची खोली गच्चीवर होती, वर नुसता पत्रा. उन्हाळ्यात एसी दिवसभर बोंबलायचा आणि थंडावा मात्र त्याच्या तोंडापुढच्या हातभर जागेतच. सात महिन्यांची मुलगी घामोळ्यांनी लालबुंद. हे म्हणाले, "असंच चाललं तर तुम्हा दोघींना रत्नागिरीला पाठवावं लागेल."

"पाठवून तर बघा!" मी म्हटलं. लग्नानंतरची तीन वर्षं मी फॅमिली व्हिसाची वाट बघण्यात घालवली होती.

हे कारखान्यात गरम पाइपांना काचेचा कापूस गुंडाळायचे. कामाचे कपडे तिथेच बदलून घरी यायचे, इतका तो टोचायचा. उरलेले तुकडे कारखान्यात फेकूनच देत. ते ह्यांनी पोत्यात भरून आणले. पण पत्र्याखाली अडकवायचे कसे? फळ्या परवडेनात. मग माझंच डोकं चाललं. जुन्या साड्यांमध्ये तो कापूस भरला, आईने शिकवलेले दाट टाके घातले आणि छताएवढी गोधडी शिवली. ह्यांनी ती वर ताणून ठोकली. माझे हात आठवडाभर चुरचुरत होते, पण खोली गार झाली हो! मुलगी पहिल्यांदाच दुपारभर झोपली. मी इतकी फुशारले, की शेजारणीला बोलावून दाखवली.

पंधरवड्यात मुलीच्या अंगावर पुरळ उठलं. मग खोकला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर में कुछ नया लगाया है क्या?" सांगितलं तर गोधडी उतरवावी लागणार, आणि उतरवली तर रत्नागिरी. मी नाही म्हणाले. अजून लाज वाटते त्याची. झिजलेल्या साड्यांतून काच गळत होती. खिडकीतून ऊन आलं की हवेत चमकायची, आणि मला ती दिसत होती.

मुलगी श्वासासाठी धडपडायला लागली, तेव्हा मीच स्टुलावर चढून ती गोधडी खिळ्यांसकट ओढून काढली. महिन्याभरात आम्ही दोघी रत्नागिरीत. मुलगी खडखडीत बरी झाली.

दोन वर्षांनी हे रजेवर आले ते खोकतच.

"एसीची हवा," म्हणाले.

"आणि ती गोधडी?"

"केव्हाच कचऱ्यात. खलास."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांची लुंगी धुवायला घेतली. झोपताना नेसायची, न धुताच बॅगेत कोंबून आणलेली. दोनदा चोळली असेल नसेल, माझे हात चुरचुरायला लागले.