गाडीचं नाक भिंतीकडे

आमच्या इमारतीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, तेव्हा माझ्या यादीत गाडीच्या नावावर आधीच सात कामं होती. पत्रामुळे आठवं आलं आणि ते थेट सगळ्यात वर गेलं. आमच्या पार्किंगच्या जागेत फरशीवर डिझेलचा थेंब आढळला आहे, चौदा दिवसांत गळती थांबली नाही तर जागेचा करार रद्द होईल, असं पत्रात लिहिलं होतं. सोबत थेंबाचा फोटो होता. थेंबाशेजारी मोजपट्टी ठेवलेली होती.

मोजपट्टी मी ओळखली. ती तळमजल्यावरच्या जर्मन बाईंची. माझी सायकल भिंतीपासून किती लांब असते हे त्या तिनेच मोजतात.

एरवी मी म्हटलं असतं, गेली जागा तर गेली. जर्मनीत, इथे बॉनमध्ये, लोक गाडीशिवायही जगतात. पण सासूबाई पुण्यात गुडघा बदलून घेऊन नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना व्यायामाला न्यावं लागे. दारापासून गाडीपर्यंत त्यांची अकरा पावलं होत होती. रस्त्यावर गाडी लावायची तर जागा मिळते ती चर्चच्या मागे, आणि तो सगळा दगडी चढ. अंगणातली जागा गेली की त्यांचं बाहेर पडणं संपलं असतं. आमच्या मागे त्या जागेसाठी पाच कुटुंबं रांगेत होती, त्यामुळे ती परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

गाडी तेवीस वर्षांची, डिझेलवरची. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. तो गाडीचं दार लावताना कसा आवाज यावा यावर काम करतो. इंजिन हा दुसरा विभाग, असं तो ऑफिसात म्हणतो आणि घरीही म्हणतो. गॅरेजला फोन केला तर तिथला टेर्मिन, म्हणजे गाडी दाखवायची वेळ, पाच आठवड्यांनी. फ्रिस्ट, म्हणजे पत्रातली मुदत, चौदा दिवसांची. मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आणि कागद-पेन्सिल घेऊन अंगणात गेले.

थेंबाखाली परात ठेवून पाहिली. थेंब रात्रीतून एकच पडायचा, पण न चुकता. मग चार दिवस मी नोंद ठेवली आणि एक गोष्ट लक्षात आली. आमचं अंगण भिंतीकडे उतरतं, कारण पावसाच्या पाण्याची जाळी भिंतीशी आहे. नाक भिंतीकडे करून गाडी लावली की थेंब पडतो. उलटी, म्हणजे मागचा भाग भिंतीकडे करून लावली की फरशी कोरडी. सुटला प्रश्न. पाचव्या दिवशी मी गाडी उलटी लावली, सकाळी कोरड्या फरशीचा फोटो काढला, शेजारी माझी स्वतःची मोजपट्टी ठेवून. मग चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

गाडी कधी कधी सकाळी सुरू होत नाही, हे माझ्या यादीत होतंच, चौथ्या क्रमांकावर. घाई नाही, अशी खूणही केलेली होती.

मी चावी फिरवत असताना तळमजल्याची खिडकी उघडली. ती बरोबर आमच्या जागेसमोर, भिंतीत आहे.

"इथे फोरव्हेर्ट्स लावायची असते," बाई म्हणाल्या. "नाक भिंतीकडे. पाटी आहे."

"अशी लावली की थेंब पडत नाही."

"आल्झो, असेल, पण धूर माझ्या स्वयंपाकघरात येतो."

"गाडी सुरूच होत नाहीये. धूर कुठून येणार?"

"सुरू झाली की येईल."

नियम पाळला तर थेंब, थेंब थांबवला तर नियमभंग आणि वर गाडी बंद. नवऱ्याने इंजिनातल्या नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी बसवली, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल. आत बुडबुडे दिसले. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "हे बुडबुडे आहेत." ते मी लिहून घेतलं. नववा मुद्दा.

नाश्त्याला सासूबाईंनी विचारलं, "सकाळपासून कुर्रकुर्र कसली चाललीय?"

"गाडी सुरू होत नाहीये, आई. तुम्ही काळजी करू नका."

"काळजी कोण करतंय? ती तुझी यादी वाच."

मी वाचली. पहिला मुद्दा, थेंब. चौथा, सकाळी सुरू न होणं. नववा, बुडबुडे.

"हे तीन वेगळे का लिहिलेत?"

"वेगळे आहेत म्हणून."

"अगं, एकच भोक आहे ते. नाक खाली असलं की टाकीतलं डिझेल तिथून बाहेर येतं. नाक वर केलं की डिझेल मागे टाकीत उतरतं आणि त्याच भोकातून हवा आत शिरते. इंजिन एअर घेतंय. आता ते सुरू कशाला होईल?" मग मुलाकडे वळून, "तू इंजिनिअर ना रे?"

"दारांचा," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी तालुक्याच्या गावी अठरा वर्षं पिठाची गिरणी चालवली. वीज भरवशाची नव्हती, म्हणून गिरणी डिझेल इंजिनावर. हे मला लग्नापासून ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात ते चकलीच्या भाजणीखाली नोंदवलेलं होतं.

"पण भोक सापडत नाही," मी म्हटलं. "थेंब खालच्या पत्र्यावरून ओघळत येतो. पडतो तिथून सुटत नाही."

"गिरणीत कधी शोधावं लागलं नाही. सगळ्यावर पीठ बसलेलं असायचं. जिथे गळेल तिथे पीठ काळं पडायचं." त्यांनी चहा संपवला. "तांदळाचं पीठ आहे का घरात? आणि चहाची गाळणी आण. जुनी."

शनिवारी त्यांनी अकरा पावलं टाकली आणि आम्ही ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. आदल्या दिवशी गाडी कशीबशी सुरू झाली तेव्हा टाकी भरून नियमाप्रमाणे नाक भिंतीकडे लावलेली, आता इंजिन गार. नवऱ्याने नळ्या आणि फिल्टर फडक्याने कोरडे पुसले. मी गाळणीने पीठ भुरभुरायला लागले.

"अनारशावर खसखस लावतेस का? नीट टाक," सासूबाई म्हणाल्या. "खाली फरशीवरही टाक. चोर पळून जायला नको."

बाई खिडकीत आल्या. दोन मिनिटांनी अंगणातच आल्या.

"इंजिनावर काय टाकताय?"

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं.

"काय टाकतोय विचारतायत."

"सांग, तांदळाचं पीठ. दोनदा चाळलेलं."

मी सांगितलं. बाईंनी विचार केला. डिझेल फरशीवर पडू नये म्हणून पीठ फरशीवर पडतंय, हे त्यांना कुठल्या नियमात बसवावं ते कळत नसावं. शेवटी त्या वाकून माझ्याशेजारी इंजिनात पाहू लागल्या. आम्ही तिघी आणि नवरा, पांढऱ्या इंजिनाकडे पाहत. वीस मिनिटं गेली. मग फिल्टरपाशी, जिथे नळी आत जाते तिथे, पिठात केसाएवढी काळी रेघ उमटली आणि खाली सरकू लागली.

"डा! तिथे!" बाई सगळ्यांच्या आधी म्हणाल्या. त्या आत गेल्या, मोजपट्टी घेऊन आल्या आणि रेघेला लावली. "साडेतीन सेंटिमीटर."

"काय म्हणतेय?"

"साडेतीन सेंटिमीटर, आई."

"हुशार आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

सांध्यातली रबराची रिंग दगडासारखी कडक झाली होती आणि नळीचं टोक चिरलं होतं. नवी रिंग आणि हातभर नळी सोमवारी आणली. नवऱ्याने ती बसवली, फिल्टर डिझेलने भरला आणि सासूबाई सांगतील तितक्या वेळा हाताचा पंप दाबला. त्या नव्वदपर्यंत मोजत होत्या. पारदर्शक नळीतला शेवटचा बुडबुडा गेल्यावर म्हणाल्या, "आता बघ." गाडी पहिल्या फेरीत सुरू झाली. मी यादीतल्या तीन ओळी एका रेघेने खोडल्या. ओळी एकमेकींपासून लांब असल्यामुळे रेघ वाकडी आली आणि मधली न झालेली कामंही खोडली गेली.

चौदाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. गाडी रात्रभर नाक भिंतीकडे करून उभी होती. मी परात काढून घेतली होती. सासूबाई वरच्या खिडकीत बसल्या होत्या. त्याने गाडीखाली पांढरा कागद सरकवला, दाबला, बाहेर काढला आणि उजेडात धरला. मग वास घेतला. कोरडा.

"पण हे पांढरं काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत खालच्या खिडकीतून उत्तर आलं. "तांदळाचं पीठ. दोनदा चाळलेलं."

त्याने फॉर्म पाहिला. तेल, इंधन, थंडाव्याचं पाणी, ब्रेकचं तेल, असे रकाने होते. पिठाला रकाना नव्हता. "द्रव नाही," तो स्वतःशी म्हणाला, सही केली आणि गेला. जागा राहिली.

पुढचं पत्र मला शुक्रवारी दाराशीच मिळालं, सासूबाईंना व्यायामाला नेताना. त्यांची पावलं आता नऊ झाली होती. त्या बसल्यावर मी ते गाडीतच उघडलं. अंगणात कबुतरांना खाद्य घालण्यास मनाई आहे, आमच्या जागेत खाद्य आढळलं आहे, चौदा दिवसांत ते काढावं. सोबत फोटो होता. कबुतर हललेलं होतं, मोजपट्टी मात्र स्पष्ट होती.

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"चौदा दिवस आहेत ना? मग आता गाडी काढ, उशीर होतोय," त्या म्हणाल्या. "आणि परत आल्यावर झाडू दे माझ्या हातात. तेवढं उभं राहायला व्यायामाच्या ठिकाणी मला आता सांगितलंय."