हलणाऱ्या मुलींचा वर्ग

मालतीबाईंना खुर्ची मानवत नसे. फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत त्यांची सारखी येरझार चाले. सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजीचा वर्ग निघून आठ महिने झाले होते, आणि अपूर्ण वर्तमानकाळ त्यांनी असा चालता चालताच शिकवला होता. चालताना म्हणायचं, ‘आय ॲम वॉकिंग’. दार उघडताना म्हणायचं, ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’. काम चालू असतानाच वाक्य बोलायचं. हात थांबला की वाक्य खोटं. त्यामुळे त्यांच्या तासाला कुणी वेणी घालत असे, कुणी केर काढत असे, आणि शेजारच्या वर्गातून तक्रारी येत.

नवरा गेल्यावर भावाच्या घरी राहून त्या मॅट्रिक झाल्या होत्या. वर्ग राहिला तर नोकरी, नाहीतर पुन्हा भावजयीची चूल. मार्चमध्ये शिक्षणखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे होते. त्यांचा शेरा चांगला पडला तरच वर्ग पुढे चालणार होता.

मुख्याध्यापिका रुक्मिणीबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं, “साहेबांपुढं एक पोर हलता कामा नये. हाताची घडी, नजर खाली.”

“अहो, पण न हलता त्या बोलणार काय?”

“ते तुम्ही बघा. तो तमाशा साहेबांना दाखवायचा नाही म्हणजे नाही.”

साहेब आले तेव्हा वीस मुली घडी घातलेल्या लुगड्यांसारख्या बसल्या होत्या. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, “व्हॉट आर यू डूइंग?”

ती काहीच करत नव्हती. खोटं वाक्य बोलायचं नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बाईंकडं पाहिलं. दुसरी गप्प, तिसरीही गप्प.

“आठ महिन्यांत एवढंच?” साहेब म्हणाले.

मालतीबाईंच्या हातातला खडू मोडला. “मुलींनो, उठा! करा काहीतरी!”

वर्ग एकदम उठला. कुणी केस विंचरू लागली, कुणी फळा पुसू लागली, वीस वाक्यं एकमेकांवर आदळली. मंद्रूपहून शिकायला आलेल्या शिवबाईनं दप्तरातून टकळी काढली, गर्रकन फिरवली आणि ओरडली, “आय ॲम स्पिनिंग!”

बाकीच्या मुलींचे हात जागीच थांबले. गेल्याच साली शहरात लष्करी कायदा होता. सूत कातणं म्हणजे सरकारशी वैर, हे पोरासोरांनाही कळत होतं.

“कुणी शिकवलं हे?” साहेबांनी मराठीत विचारलं.

“माझ्या आत्यानं की.” टकळी फिरतच होती.

“बाई, थांबवा तिला.”

एक शब्द पुरला असता. तो मालतीबाईंच्या ओठांपर्यंत आलाही. पण इतके महिने मान खाली घालून बसणारी शिवबाई आज पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्यांत बघत बोलली होती.

“मध्येच थांबवलं तर सूत तुटेल, साहेब,” मालतीबाई म्हणाल्या. “एवढं पुरं होऊ द्या.”

साहेबांनी वाट पाहिली नाही. शेरेबुकात त्यांनी लिहिलं: इंग्रजी बरे. शिस्त नाही. वर्ग एप्रिलपासून बंद करावा.

“झालं समाधान?” रुक्मिणीबाईंनी वही पुढं ढकलली.

मालतीबाई वर्गात परतल्या. मुली अजून उभ्याच होत्या. बाई दारापर्यंत गेल्या, माघारी आल्या, पुन्हा गेल्या.

“शिवबाई, तुझी आत्या कुठं राहते गं?”

“सात रस्त्याजवळ की. का वो बाई?”

“वीस मुली बसतील एवढी जागा आहे का तिच्याकडं?”

शिवबाईनं विचार केला. “बसायला न्हाय. तितं शेळ्या बांधत्यात. उभं ऱ्हायला लई हाय.”

“मग विचार तिला,” मालतीबाई म्हणाल्या. “आजच विचार.”