धाकटीची राखण

घाबरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निघताना कुलूप इतक्यांदा ओढून बघायची की दाराची कडीच सैल झाली होती. वनस्पती जपणाऱ्या त्या केंद्रातल्या लोकांनी तिचं नावच ठेवलं होतं धास्तीमावशी, आणि तीही हसून ओ द्यायची. नवरा शिंपी. तो शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" म्हणू दे. पण खरं सांगू का, रानातली दुर्मिळ झाडं राखायची तर भित्रंच माणूस लागतं. धीट माणसं खुशाल घोरत पडतात आणि तेवढ्यात झाड जातं.

तिचं काम बियांच्या खोलीत. लांबट टेबल, चाळण्या, घट्ट झाकणांच्या बाटल्या आणि कोपऱ्यात दिवसभर गुरगुरणारं थंड कपाट. रानातून आलेलं बी निवडायचं, वाळवायचं, कपाटात ठेवायचं. बहुतेक झाडांचं एवढ्यावर भागायचं. एकीचं भागत नव्हतं. ती जमिनीतून उगवणारी ऑर्किड होती, वीतभर उंचीची. वर हिरवट पांढरी फुलं, खाली छोट्या बटाट्याएवढा कंद. जुन्या दगडखाणीमागच्या उतारावर काय ती उरली होती, बाकी कुठे म्हणून सापडली नव्हती. बी म्हणजे नुसती धूळ, आणि ते खोलीत रुजवायला जावं तर दरवेळी बुरशी धरायची. म्हणजे उतारावरची गेली की कायमची गेली.

असल्या कंदासाठी हौशी लोक चोरांना वाट्टेल ते देतात. म्हणून केंद्रात तिचं खरं नाव घ्यायचं नाही असा शिरस्ता होता. तिला म्हणायचं धाकटी. "धाकटी कशी आहे?" "आज जरा मलूल वाटली." चहावाल्याला वाटायचं, मावशीच्या घरी आजारी मुलगी आहे. बिचारा तिच्या कपात न सांगता साखर जास्त घालायचा.

दुसरा शिरस्ता वाटेचा. उतारावर जायचं ते कधीतरीच, आणि दरवेळी वेगळ्या बाजूनं. नव्या माणसाला हे शिकवायचं काम मावशीचंच. बोट नाचवून सांगायची, "गवत चुगलखोर असतं बरं का! एकाच जागी दोनदा पाय दिला तर तिसऱ्याला सांगतं."

त्या वर्षी धाकटीला फुलं भरभरून आली आणि मावशीच्या जिवाला घोर लागला. आज कुणी तोडली तर नसतील? रात्रीत कुणी खणली तर नसेल? कामावर जाताना ती उताराखाली वळणावर जो बसथांबा होता तिथं उतरायला लागली. चढून जायची, एकेक रोप डोळ्यांखालून घालायची आणि पुढची बस पकडायची. फुलं जाऊन शेंगा धरल्या तेव्हा बी उडून जाऊ नये म्हणून प्रत्येक शेंगेला झिरझिरीत कापडाची पिशवी बांधली. त्या इवल्याशा पिशव्या नवऱ्यानं शिवून दिल्या होत्या. एक दिवसही जाणं चुकवायची नाही. आणि पुढची बस गाठायची म्हणजे सरळ चढायचं, सरळ उतरायचं. वाटा बदलायला वेळ कुणाला होता!

एका सकाळी वर पोचली आणि बघते तो काय! तीन रोपं नव्हती. तिथं तीन खड्डे होते, तेही नीट माती सारखी करून बुजवलेले. शेंगांच्या पिशव्या सोडवून, घड्या घालून एका दगडाखाली ठेवल्या होत्या. या घड्यांचीच तिला जास्त भीती वाटली. ज्यानं हे केलं त्याला कसली घाईच नव्हती.

मग तिला जो तो चोर दिसायला लागला. चहावाला इतका गोड का बोलतो? पहारेकऱ्यानं नवी चप्पल कुठून आणली? घरी जेवताना तिनं नवऱ्यालाच विचारलं, "अहो, तुम्ही कुणापाशी बोललात का?"

त्याचा घास हातातच राहिला. "मी? त्या पिशव्या कशाला लागतात हे तू मला तरी कुठं सांगितलंस?" एवढं बोलून तो उठला आणि ताटातलं तसंच राहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी केंद्राच्या प्रमुख बाई तिला घेऊन खाणीच्या पलीकडच्या कड्यावर गेल्या. चोर आला कुठून ते बघायला. समोर अख्खा उतार दिसत होता, पिवळं गवत, काटेरी झुडपं. आणि त्या गवतातून बसथांब्यापासून निघालेली, दोरी ताणून आखावी तशी एक पायवाट थेट धाकटीपाशी जाऊन संपत होती.

"मावशी, ही वाट कुणाची?" बाईंनी विचारलं.

मावशीनं ती वाट खालपासून वरपर्यंत बघितली. "माझी," ती म्हणाली. "बाई, कुंपणानंच शेत खाल्लं हो!"

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आता वाट बुजेपर्यंत कुणी फिरकायचं नाही. तुम्ही तर मुळीच नाही."

"कॅमेरा लावू या?"

"त्याची बॅटरी बदलायला कुणीतरी चढणारच ना?"

"मग ती आहे की गेली, कळायचं कसं?"

"कळायचं नाही," बाई म्हणाल्या.

मावशीनं पाळलं. बस त्या वळणावर आली की ती मुद्दाम दुसऱ्या बाजूला तोंड करायची. पण मन चिंती ते वैरी न चिंती. बाटल्या पुसताना तिला खड्डेच दिसायचे. गवत वाढलं, पुन्हा सुकलं, आणि एक दिवस तिला राहवलं नाही. वर जायचं नाही, नुसतं रस्त्यावरून बघायचं, असं स्वतःला बजावून ती थांब्यावर उतरली. वाट दिसत नव्हती. गवतानं ती पार गिळली होती. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच मागे मोटरसायकल थांबली.

चाळिशीचा माणूस. चेहरा हसरा, पाठीला पिशवी. पिशवीतून अरुंद पात्याच्या खुरप्याची मूठ डोकावत होती.

"मावशी, इथून वर जायला वाट होती ना एक?"

तिनं पुन्हा त्या मुठीकडे बघितलं. हा तोच चोर, की त्यानं पाठवलेला दुसरा? "वर काय आहे? खाण आहे पडकी," ती म्हणाली.

तो तिच्याकडे निरखून बघायला लागला. "तुम्हीच ना त्या? रोज सकाळी चढून जायच्या? मी बघायचो की खालून."

म्हणजे इतके दिवस हा माणूस इथं उभा राहून तिला बघत होता! ती वाकून गवतात शिरायची तेव्हा याचे डोळे तिच्या पाठीवर होते. पळावं तर त्याचा संशय पक्का व्हायचा. ओरडावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि नजर जरा जरी वर गेली असती तरी खेळ खलास. मग तोंडातून जे आलं ते कुठून आलं, तिलाच माहीत.

"माझी कुत्री पुरलीय वर," ती म्हणाली. "जायचे रोज. पोटच्या पोरीसारखी होती. कुणी मेल्यानं तीही जागा उकरली. आता नाही जात. बघवत नाही."

आणि ती रडायला लागली, हमसून हमसून. रडणं काही खोटं नव्हतं.

माणूस चपापला. "अरेरे," म्हणाला, दोन क्षण घुटमळला, एकदा उताराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्यानं किक मारली आणि मोटरसायकल वळणाआड गेली. इंजिनाचा आवाज मात्र लगेच थांबला. गाडी पुढे जाऊन थांबली होती, की वाऱ्यानं आवाज नेला होता? कळायला मार्ग नव्हता. तिनं डोळे पुसले आणि डोंगराकडे पाठ करून दगडावर बसली. मागे गवत सळसळलं. मान वळवावी म्हणून तिचा जीव कासावीस झाला, पण तो कुठून तरी बघत असला तर? बस येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती ते वळण चुकवणारी लांबच्या रस्त्याची बस धरायला लागली. तिनं बाईंना सगळं सांगितलं, आणि केंद्रातलंही कुणी मग वर गेलं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. धाकटी वर आहे की नाही, हे तिला अजून माहीत नाही.