डाव्या स्टिअरिंगची गाडी

यांनी अमेरिकन गाडी घेतली तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही. चामराजपेटेत आमचं कापडाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर, आणि गल्ली अशी की दोन जटके, म्हणजे टांगे, समोरासमोर आले तर एकाला मागे सरावं लागायचं. तिथे हे बोटीएवढी गाडी घेऊन आले. कोणी अमेरिकन इंजिनियर मायदेशी परत निघाला होता, त्याने विकायला काढली आणि यांनी उचलली. सासूबाई असत्या तर त्यांनी कान धरला असता. मी फक्त अबोला धरू शकत होते.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बसून तर बघ." आणि मी बसले, तिथेच माझं चुकलं.

गाडीचा रंग कैरीच्या आतल्या गरासारखा, फिकट हिरवा. दार लावलं की पेठेतला सगळा गलका बाहेर राहायचा. इंजिन इतकं हळू चालायचं की ते चालू आहे की बंद, हे मला काट्याकडे बघितल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या दिवशी आम्ही लालबागेपर्यंत गेलो आणि माणसं रस्त्यात थांबून बघत होती. त्यांची तोंडं हलत होती, पण आवाज येत नव्हता. मला ते आवडलं आणि थोडी भीतीही वाटली.

तिला पोसणं म्हणजे मात्र दारी हत्ती बांधणं होतं. पेट्रोल पिण्यात तिचा कोणी हात धरला नसता. टायर फाटला की मद्रासपर्यंत शोध. परदेशातून सामान येणं तेव्हा जवळजवळ बंद झालं होतं, त्यामुळे मार्केटजवळचा आमचा मिस्त्री लेथवर एकेक तुकडा कातून द्यायचा आणि तो तुकडा महिनाभरात झिजायचा. सीटं फाटली तेव्हा हे दुकानातला चांगला ताका घेऊन गेले. मी नाक मुरडलं. यांनी ऐकलं नाही.

सगळ्यात मोठी पंचाईत वेगळीच होती. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचं, म्हणजे चालवणारा बसायचा कडेच्या गटाराजवळ. पुढे लॉरी आली की यांना तिच्या मागच्या फळ्यांशिवाय काही दिसायचं नाही. समोरून कोण येतंय ते दिसायचं उजवीकडे बसणाऱ्याला, म्हणजे मला. मी सांगायचं, तेव्हा यांनी गाडी बाहेर काढायची.

एकदा तुमकूरच्या रस्त्यावर आमचा असाच अबोला चालू होता. पुढे गुळाची लॉरी. रस्ता मोकळा होता, पण मी कशाला सांगू? शेवटी धूर सहन होईना, म्हणून समोरच्या कप्प्याच्या पत्र्याच्या झाकणावर उजव्या हातातली सोन्याची पाटली दोनदा आपटली. टक, टक. यांनी काही न विचारता गाडी बाहेर काढली आणि पुढे नेली. तेव्हापासून तीच रीत पडली. दोनदा वाजलं की जायचं, नाहीतर मागे राहायचं. हे मान वळवून बघायचेसुद्धा नाहीत. माझ्या पाटलीवर यांनी आपला जीव सोपवलेला होता, आणि बाकी संसारात माझा शब्द किती चालायचा ते मला ठाऊक होतं. मला त्या जागेचा अभिमान होता, हे मी आज कबूल करते.

दोन-तीन वर्षांनी गाडी सारखी बंद पडायला लागली. मिस्त्री यांना म्हणाला, "अण्णा, हिला जगवायचं असेल तर हिच्यासारखीच एक मेलेली शोधा."

आणि त्यानेच ती शोधली. मल्लेश्वरममध्ये एका बंगल्याच्या शेडमध्ये अगदी तशीच गाडी उभी होती. तोच घाट, तोच कैरीचा रंग, स्टिअरिंगही डावीकडे. फक्त चालकाच्या बाजूचा पुढचा कोपरा चेपून आत गेला होता. तिच्यावर पांढऱ्या चादरी घातलेल्या होत्या. बंगल्यात एक वयस्क बाई एकट्या राहत. आमच्यासारख्याच पिढ्यान् पिढ्या इकडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या. नवरा मोठ्या हुद्द्यावर होता, ही गाडी चालवतानाच गेला, एवढं मिस्त्रीने सांगितलं होतं. मी त्यांना अक्का म्हणू लागले.

अक्कांनी पैसे घेतले नाहीत. "गाडीवर घालायला पांढरं कापड देत जा," म्हणाल्या. मग आम्हाला काही लागलं की आम्ही मांजरपाटाचा तुकडा घेऊन जायचो आणि मिस्त्री त्या गाडीतून वस्तू काढायचा. कधी मागच्या दिव्याची काच, कधी दाराची मूठ, कधी गिअरचा दांडा. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या मेलेल्या गाडीला झेंडूचा हार घातलेला, काचेवर कुंकू, आणि चाकाखाली लिंबू ठेवलेलं. चाकं तर आम्ही कधीच नेली होती. लिंबू गाडी टेकवलेल्या विटांपाशी होतं.

"माळी करतो," अक्का म्हणाल्या. "मी सांगते त्याला."

दर वेळी त्या एकच विचारायच्या, "तिकडे नीट चालतं ना?" हे म्हणायचे, छान चालतं. खरंच छान चालायचं. मिस्त्रीने कातलेले तुकडे महिन्यात झिजायचे, त्या गाडीतले मात्र आमच्या गाडीत असे बसायचे की जणू घरी परत आले. हे खूश होते. मला मात्र कधीकधी वाटायचं की आता आम्ही नेमक्या कोणत्या गाडीत बसतो?

माझ्या आपटण्याने आमच्या कप्प्याच्या झाकणाची बिजागरी तुटली. यांनी त्यावरून मला यथेच्छ चिडवलं. मग आम्ही मल्लेश्वरमला गेलो. या वेळी अक्का लगेच 'सरी', म्हणजे बरं, म्हणाल्या नाहीत. शेडच्या दारात जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "न्या. आता तेवढंच कशाला ठेवायचं?"

झाकण बसवल्यावर मी माझ्या जागेवर बसले आणि उजव्या कोपऱ्यात बघितलं. तिथला रंग उडालेला होता. पत्र्याला बारीक बारीक टोचे पडून एक उथळ खळगा झाला होता, वाटाण्याएवढा. मी हात पुढे केला तर माझ्या पाटलीची कड बरोबर त्यात बसली. आमच्या जुन्या झाकणावर माझ्या हाताने पडलेला डागही त्याच जागी होता. मी यांना काही बोलले नाही. अक्कांचे हात मी किती वेळा पाहिले होते. त्यांत बांगडीसुद्धा नसायची.

त्यानंतर थंडीच्या दिवसांत देवनहळ्ळीला एक लग्न होतं. परतताना सकाळचे सात वाजले असतील. हेब्बाळच्या तळ्याजवळ एवढं धुकं होतं की पाणी कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो ते समजत नव्हतं. पुढे गवताची लॉरी. लग्नघरातून दिलेला गरम उप्पिटाचा डबा माझ्या मांडीवर होता. मी लॉरीच्या पलीकडे बघत होते. धुक्यात काहीच दिसत नव्हतं, म्हणून मी गप्प होते.

टक, टक.

मी ऐकलं. अगदी स्पष्ट. यांनीही ऐकलं, कारण त्याच क्षणी गाडी उजवीकडे बाहेर निघाली. समोर धुक्यातून बसचे दोन दिवे आले. मी "अहो" एवढंच ओरडले. यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि गाडी बसच्या समोरून रस्ता ओलांडून तळ्याच्या चिखलात जाऊन थांबली. बस हॉर्न वाजवत निघून गेली. इंजिन चालू होतं की बंद, मला कळलं नाही. उप्पीट सगळं पायाशी सांडलं होतं.

यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, "तू वाजवलंस."

"मी नाही वाजवलं."

"अगं, मी ऐकलं."

"मीही ऐकलं. पण मी वाजवलं नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कधीच मागे नव्हते. पण हे मऊ आवाजात म्हणाले, "असू दे. चुकून हात लागला असेल. मी कुणाला सांगणार नाही." मला त्या क्षमेचा एवढा संताप आला की रडू फुटलं. न केलेल्या गोष्टीची क्षमा घ्यायची कशी?

त्या दिवसापासून हे स्वतः वाकून, माझ्या अंगावरून मान काढून बघायला लागले. मी वाजवलं तरी जायचे नाहीत. तोंडाने काही म्हणत नव्हते, पण लॉरीमागे, बैलगाडीमागे, मिनिटच्या मिनिटं धूर खात राहायचे. मी तिथे बसले काय आणि पिशवी ठेवली काय, सारखंच होतं. एवढी वर्षं यांनी माझ्यावर जो विश्वास टाकला होता तो गेला, आणि मी निर्दोष आहे हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आठवड्याने मी मिस्त्रीकडून ते झाकण काढून घेतलं, कापडात गुंडाळलं आणि एकटीच बसने मल्लेश्वरमला गेले. अक्का व्हरांड्यात होत्या. मी म्हणाले, "अक्का, हे परत घ्या."

त्यांनी कापड सोडलं. खळग्यावरून अंगठा फिरवला. मग वर न बघता विचारलं, "वाजलं?"

मी खाली बसले.

त्या सावकाश सांगत होत्या. "आमचीही हीच रीत. दोनदा वाजवायचं. त्या दिवशी मी वाजवलं नव्हतं. मला समोरून येणारी लॉरी दिसत होती, मी कशाला वाजवीन? पण वाजलं, आणि हे गेले. दीर म्हणाले, वहिनी, पदर सावरताना हात लागला असेल. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने आठवत नाही. सगळे म्हणत होते, मग मीही सरी म्हटलं. इतकी वर्षं सरी म्हणत आले. आता मलाच तो हात दिसतो, पदर सावरणारा."

"मग आम्हाला दिलंत कशाला?" माझा आवाज चढला होता. "आमचा जीव गेला असता."

अक्कांनी मान खाली घातली. "हो. चुकलंच माझं. पण बघावंसं वाटलं. दुसऱ्या कुणापाशी वाजतं का, ते."

मी उठले. मला त्या म्हाताऱ्या बाईला काय काय बोलायचं होतं. पण त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात कोरडा आणि हलका होता.

"स्वल्प थांब. एकच सांग," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुझे हात कुठे होते?"

"मांडीवर. डब्यावर."

"दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा मात्र एखाद्या पोरीसारखा मोकळा झाला होता. मग त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती प्यायले.

पुढे वर्षभरात यांनी गाडी विकली आणि उजव्या स्टिअरिंगची लहान गाडी घेतली. त्यात माझं काहीच काम नव्हतं. अक्काही गेल्या. त्यांच्याकडच्या माळ्याने सांगितलं की शेवटी त्या शांत होत्या.

अक्कांना मी दोन्ही हात सांगितले. यांनाही मी वाजवलं नाही, असंच सांगितलं होतं. डाव्या तळव्याला डब्याची ऊब लागत होती, ती मला आजही जशीच्या तशी आठवते. उजव्या हाताला काय लागत होतं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. काहीच आठवत नाही.