उरलेले दोन चेंडू

आमच्या लीगमध्ये आपलं नाव चषकावर कोरलं जावं असं कोणाला वाटत असेल तर त्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. हंगाम चालू असताना मरायचं. शतकं ठोकून किंवा विकेटा काढून ते जमत नाही. तसल्यांना वर्षाअखेरीस थर्मास मिळतो. कुवेतमधल्या आम्हा भारतीयांच्या शुक्रवारच्या क्रिकेटमध्ये मी बरीच वर्षं अंपायर आहे, आणि एवढ्या काळात तीन स्मृतिचषक झाले. पहिला सरावाला येताना गाडी उलटून गेलेल्या सलामीवीराचा. दुसरा ऐन हंगामात काविळीनं गेलेल्या यष्टिरक्षकाचा. तो जिवंत असताना त्याला संघात घ्यावं की नाही यावर दर आठवड्याला भांडणं होत. गेल्यावर तो 'संघाचा कणा' झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध, ते असं.

तिसरा चषक आमच्या कंपनीच्या वेगवान गोलंदाजाचा. त्याच्याबद्दल भाषणं पुष्कळ झाली. पण त्यानं मैदानावर बोललेलं शेवटचं वाक्य फक्त मी ऐकलं होतं, आणि ते मी वर्षभर गिळून बसलो होतो. त्याच्या सख्ख्या भावानं विचारलं तरी.

तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. आमचे कप्तान नाशिकचे, कंपनीत प्लॅनिंगचे मॅनेजर. सुट्टीवर गेले असताना त्यांनी कोकणातल्या एका स्पर्धेत त्याला गोलंदाजी करताना पाहिलं आणि इकडे आणवलं. कागदावर तो शुऐबाच्या आमच्या कारखान्यात स्टोअर हेल्पर. सहा दिवस पाइपांचे सांधे आणि बोल्टच्या पेट्या उचलायच्या, सातव्या दिवशी मॅनेजर लोकांच्या हौसेसाठी धावायचं. त्याच्या इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाच्या अर्जावर सही कप्तानांची. आम्ही सगळे हौशी, पोटं सुटलेले. पोटासाठी खेळणारा तो एकटा. आणि पोटासाठी खेळणाऱ्याला 'आज बरं वाटत नाही' म्हणायची सोय नसते.

आता माझं सांगतो. मी त्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. उन्हाळ्याचे तीन महिने भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे सरकारी बंदी असते. त्या काळात मी अकरा वाजता शिट्टी घेऊन फिरतो आणि मजुरांना सावलीत हाकलतो. कोणत्या रंगाची लघवी झाली की किती पाणी प्यावं, याचा तक्ता मी प्रत्येक मुतारीत स्वतःच्या हातानं चिकटवला आहे. माझ्या खिशात एक लाल कार्ड असतं. धोका दिसला की ते दाखवून कोणीही, अगदी झाडूवालासुद्धा, काम थांबवू शकतो. हे मी दर सोमवारी सकाळी हातवारे करून समजावून सांगतो, आणि लोक माना डोलावतात.

त्या वर्षी वाळूच्या वादळांमुळे अंतिम सामना दोनदा पुढे गेला आणि जूनमध्ये येऊन पडला. सकाळचं मैदान दुसऱ्या लीगनं धरलेलं. आम्हाला मिळाली जुम्याच्या नमाजानंतरची वेळ. मंगफ भागात कप्तानांच्या घरी बैठक झाली, पोहे झाले, चहा झाला. एकजण चाचरत म्हणाला की दुपारची बंदी सुरू झाली आहे ना? कप्तान हसले. बंदी कामाला आहे, खेळाला नाही, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमातला जाणकार. मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, बरोबर, नियमात खेळाचा उल्लेख नाही. पाच इंजिनिअर एकत्र बसले की अक्कल पाचांत वाटली जाते, हे माझं जुनं मत आहे. त्या दिवशी माझा वाटाही मी आणला नव्हता.

मैदान म्हणजे दाबलेली वाळू आणि मधोमध सिमेंटवर अंथरलेली चटई. तो मशिदीतून थेट आला. पहिला स्पेल नेहमीसारखा टाकला. दुसऱ्या स्पेलला आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते, हे मी पाहिलं. पाहणं हाच माझा धंदा आहे. चौथा चेंडू टाकून तो माझ्याशेजारी थांबला, गुडघ्यावर हात टेकले आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "साहेब, जरा बसू काय?"

मी म्हणालो, "दोन चेंडू उरलेत. टाक आणि बस."

त्यानं टाकले. दुसऱ्यावर त्रिफळा उडाला. सगळे त्याच्या अंगावर धावले, मिठ्या मारल्या, आणि त्या गर्दीत तो खाली बसला. बराच वेळ आम्हाला तो आनंदच वाटला. मग कप्तानांनी त्याच्या तोंडात पित्ताची गोळी कोंबली. लाल कार्ड माझ्या खिशात होतं, पँटच्या डाव्या बाजूला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याचा थोरला भाऊ सालमियात पडद्यांच्या कापडाच्या दुकानात आहे. मयत गावी नेण्याची कागदपत्रं त्यानंच पुरी केली. निघायच्या आधी तो मला भेटला आणि विचारलं, जाताना तो काही बोलला का. अंपायर सगळ्यांत जवळ असतो, एवढं त्यालाही ठाऊक होतं. मी सांगितलं की तो काहीच बोलला नाही. आणि वर सांत्वन म्हणून हेही सांगितलं की त्याला काही कळलंही नसेल.

नंतरचं सगळं आमच्या लौकिकाला साजेसं झालं. ग्रुपवर कोणीतरी 'मैदानावर वीरमरण' असं लिहिलं आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. क्रिकेट हाच त्याचा श्वास होता, असं कप्तान म्हणाले. श्वास कसला, इकामा होता. कारखान्याच्या फाटकावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक आहे. त्यावरचा आकडा हलला नाही, कारण मरण शुक्रवारी, कुंपणाबाहेर, रजेच्या वेळात आलं होतं. महिनाअखेरीस उत्तम सुरक्षिततेबद्दल मला बक्षीस मिळालं. थर्मासच. तो मी घेतला, आणि अजून त्यातूनच चहा पितो, म्हणजे मी कोण ते कळेल.

यंदा त्याच्या नावाचा पहिला चषक. केव्हा ठेवावा? कप्तानांचा आग्रह की पुण्यतिथीलाच हवा, त्याशिवाय भावना पोचत नाही. म्हणजे पुन्हा जून, पुन्हा जुम्यानंतर, पुन्हा तीच चटई. या वेळी बैठकीत बंदीचं नावसुद्धा कोणी काढलं नाही, आणि मीही बोललो नाही. बायकोनं तेवढं विचारलं, की आता कोणाचा नंबर आहे. कोरून आलेला चषक माझ्याकडे ठेवला होता, त्या पिशवीत हात घालून मुलीनं विचारलं, "बाबा, इज धिस द डेड अंकल्स कप?" तिला गप्प केलं.

मैदानावर मांडव घातला होता, तो पाहुण्यांसाठी. टेबलावर त्याचा फोटो, फोटोला झेंडूचा हार आणि पुढे समई. नमाज पढून येणाऱ्या माणसाच्या फोटोपुढे समई लावू नये, एवढं पन्नास शिकलेल्या डोक्यांपैकी एकालाही सुचलं नाही. भावाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तो समईकडे न बघता मैदानाकडे बघत राहिला. कप्तानांनी डोळे पुसले, त्याच्या हातात चषकाची छोटी प्रतिकृती दिली, आणि नाणेफेक झाली.

पहिला डाव संपल्यावर मी पाण्याच्या पिंपाशी उभा होतो. भाऊ तिथे आला.

"साहेब, गेल्या वर्षी इचारलेलं, परत इचारतो," तो म्हणाला. "तो खरंच काय बोलला नाय?"

मला वाटतं, समईनं माझं डोकं फिरलं होतं. किंवा वर्षभर गिळलेलं आता पोटात राहत नव्हतं. मी सांगून टाकलं. "बसू काय, असं विचारलं त्यानं मला. मी म्हटलं, दोन चेंडू टाक आणि बस."

तो शिव्या घालेल, निदान तो चषक माझ्या अंगावर फेकेल, असं मला वाटलं होतं. खरं तर तशी आशाच होती. त्यानं चषक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मग? टाकलान?"

"टाकले. दोन्ही."

त्यानं मान हलवली. मैदानावर कप्तान मला हाक मारत होते, दुसरा डाव सुरू करायचा होता.

"आईचं वर्षभर एकच चाललंय," तो म्हणाला. "पोराजवळ त्या वक्ताला कोण होतं काय, म्हणून. आता सांगतो तिला. साहेब होते. अगदी जवळ होते."