हूक, कात्री आणि ट्रिफीमावशी

ट्रिफी ब्लॅगडनला माणसांपेक्षा हत्यारं लवकर कळत. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या छोट्या हॉस्पिटलच्या तळघरात बावीस वर्षं ती ऑपरेशनची हत्यारं धूत, तपासत आणि वाफेवर निर्जंतुक करत आली होती. वरच्या मजल्यावर डॉक्टर बदलले, नर्स बदलल्या, ट्रिफी तिथंच. लहानथोर सगळे तिला ट्रिफीमावशी म्हणत. तिनं ‘ठीक आहे’ म्हटलं की पुन्हा बघायचं कारण नाही, अशी तिची ख्याती होती. ती ख्याती तिच्याही कानावर गेली होती, हेच जरा वाईट झालं.

त्या वर्षी डॉक्टर न्वोसूबाईंनी एक तुलना मांडली. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं तर कशानं बरं? विजेच्या चटक्यानं कापणारा जुना हूक, की नवी कात्री, जी इतकी बारीक थरथरते की त्या थरथरीनंच कापलंही जातं आणि रक्तही थांबतं? प्रत्येक पेशंटमागे एक बंद पाकीट. आतल्या चिठ्ठीत जे निघेल ते हत्यार. मग वेळ किती लागला, धूर किती झाला, पित्त सांडलं का, नंतर दुखलं किती, सगळं तक्त्यात लिहायचं.

तपासणाऱ्यानं बाजू घेऊ नये. ट्रिफीनं पहिल्याच दिवशी घेतली.

“कात्रीची नुसती ऐट,” ती म्हणाली. “एका पेशंटपुरती येते नि कचऱ्यात जाते. माझा हूक बघा, किती वेळा धुतला तरी तक्रार नाही.”

“हुकाचा धूर होतो, मावशी. कॅमेऱ्यापुढं धुकं धरतं.”

“धुक्याला घाबरायचं तर न्यूफाउंडलंडला आलात कशाला?”

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनाही ती मावशीच होती.

हुकाच्या दांड्यावर प्लास्टिकचं आवरण असतं, वीज फक्त टोकालाच लागावी म्हणून. त्याला सुईच्या अग्राएवढी चीर पडली तरी वीज तिथून निसटते आणि कॅमेऱ्याच्या नजरेआड आतड्याला चटका देते. तो लगेच कळतही नाही. दोन-चार दिवसांनी ताप चढतो, पोट लाकडासारखं होतं, आणि कधीकधी माणूस हाती लागत नाही. म्हणून हूक धुतला की दर वेळी एक छोटं यंत्र दांड्यावरून फिरवायचं. चीर असली की ते किंचाळतं.

एका बुधवारी ते यंत्रच बंद पडलं. नियम साधा होता, नवं येईपर्यंत हूक बाजूला ठेवा. पण हूक बाजूला म्हणजे सगळे पेशंट कात्रीच्या पदरात! ट्रिफीनं चष्मा पुसला, भिंग घेतलं, चार नंबरचा हूक दिव्याखाली गोल फिरवला आणि म्हणाली, ठीक आहे.

सोमवारी सकाळी नवं यंत्र आलं. चार नंबरवरून फिरवलं मात्र, ते किंचाळलं. पुन्हा फिरवलं. त्याच जागी पुन्हा. ट्रिफीनं वापराची वही उघडली. शुक्रवारी हा हूक एकाच पोटात गेला होता, सेल्बी स्नूकच्या. तिचा नवरा गेल्यापासून नऊ हिवाळे हा सेल्बी न सांगता तिच्या दारातला बर्फ उपसत होता.

लपवणं तिच्या मनातही आलं नाही. ती तशीच जिना चढून गेली आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी फोन लावला. लागेना, कारण सेल्बीची बायको एफी एकदा फोनवर बसली की दुपारच करते.

“मावशी, गाडी काढा आणि त्याला घेऊनच या,” एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

सेल्बीच्या दारात तिचा हात घुटमळला आणि तिनं दार वाजवलं. त्या गावात दार कोणी वाजवत नाही. ढकलायचं, आत जायचं नि चहा मागायचा. वाजवतात ते पोलीस आणि पाद्री. एफीनं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कोण गेलं गं?”

“कोणी नाही. सेल्बी कुठाय?”

सेल्बी स्वयंपाकघरातल्या दिवाणावर पोट धरून आडवा झाला होता. “ये ट्रिफी,” तो कण्हला. “सकाळपासून नुसत्या कळा मारतायत बघ.”

ट्रिफीनं सगळं एका दमात सांगितलं. “सेल्बी, तुझ्या ऑपरेशनच्या हुकाला चीर होती. मी यंत्रानं तपासला नाही, नुसता डोळ्यांनी बघितला. आतड्याला चटका बसला असेल तर तो माझ्यामुळं. ऊठ, गाडी बाहेर आहे.”

सेल्बी कोपरावर रेलून उठला. “चाळीस वर्षं फेरीबोटीवर काढली, एका वादळानं नेलं नाही. आणि नेणार कोण, तर ही? एफी, माझी टोपी दे.”

हॉस्पिटलात रक्त घेतलं, स्कॅन काढला. ट्रिफी बाहेरच्या खुर्चीवर दोन तास बसून होती. त्याच्या पाकिटात कात्री निघाली असती तर किती बरं झालं असतं, हे तिच्या मनात येत होतं, आणि कात्रीला ठेवलेल्या प्रत्येक नावाची तिला लाज वाटत होती. देवा, माझी नोकरी घे, पण ह्याला सोड, असंही ती म्हणाली.

अखेर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. “पोट मऊ आहे, मावशी. ताप नाही, रक्त स्वच्छ, स्कॅनही स्वच्छ.”

“मग कळा कसल्या?”

डॉक्टर सेल्बीकडे वळल्या. “काल काय जेवलात?”

“घासभर.”

“घासभर?” एफी उसळली. “खारं मांस, कोबी नि वाटाण्याच्या डाळीचा हा एवढा गोळा! वर पुन्हा वाढून घेतलं मेल्यानं!”

सेल्बीला प्रतिवाद करायचा असावा, पण त्याआधी पोटानंच साक्ष दिली. आवाज पार जिन्यापर्यंत गेला. पलीकडची नर्स दचकली, एफीनं डोळ्यांवर हात घेतला, आणि ट्रिफी हसायला लागली ती हसता हसता रडायलाच लागली. जगात इतका गोड आवाज तिनं ऐकला नव्हता.

तरी डॉक्टरांनी त्याला दोन दिवस नजरेखाली ठेवलं. बुधवारी तो ताठ चालत घरी गेला. मग डॉक्टर तुलनेचा तक्ता घेऊन तळघरात आल्या.

“मावशी, हुकाच्या रकान्यात हा दोष लिहावा लागेल.”

“लिहा. चीर होतीच. पण हुकानं काही लपवलं नाही हो. विचारायचं ते मी विचारलं नाही.”

“तपासणीचा रकाना नाही ह्या तक्त्यात.”

“मग पाडा.”

डॉक्टरांनी पट्टी ठेवून एक रेघ ओढली आणि पेन तिच्या हातात दिलं. ट्रिफीनं लिहिलं, ‘यंत्राने तपासला नाही,’ आणि खाली पूर्ण नाव, ट्रायफिना ब्लॅगडन. सोमवारपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता.

“हे डॉक्टरांच्या मासिकात छापलं जाईल, मावशी. कुठकुठचे लोक वाचतील.”

“वाचू देत की. त्यांच्या तळघरातही माझ्यासारखी एखादी असेलच.”