थोरल्या साहेबांचा मोठा आकडा

थोरले साहेब इस्पितळाच्या जुन्या इमारतीतल्या नेटवर्क विभागाचे प्रमुख. लिफ्टचं दार उघडलं की आधी आपण, बैठकीत तोंड उघडायचं तर आधी आपण, असा त्यांचा जन्मभराचा खाक्या. कामाच्या नावाने आनंदीआनंद, पण मान मात्र कणभर कमी झालेला खपायचा नाही. निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांना मुदतवाढ हवीच होती, कारण घरी आपल्याला कुत्रंही विचारत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवी इमारत जोडून दाखवा, मग वर्षभर राहा, असं संचालकबाईंनी सांगितलं होतं.

नव्या इमारतीतल्या नेटवर्कचा प्रमुख त्यांचाच मेहुणा, म्हणजे चोरावर मोर.

काम काय, तर दोन इमारतींच्या राउटरांची ओळख करून द्यायची. दोन्ही राउटर आधी माहिती पाठवायच्या, आपापल्याला ठाऊक असलेल्या वाटांची यादी एकमेकांना दाखवतात, ज्याच्याकडे जे नसेल ते तो मागून घेतो आणि शेवटी दोघांकडे एकच नकाशा होतो. माणसांना जन्मात जमत नाही ते यंत्रं क्षणात उरकतात. फक्त याद्या दाखवताना पाळी कोणी मोजायची हे ठरावं लागतं. ज्याचा ओळखक्रमांक मोठा, तो मोजतो. त्या मोठेपणाला यापलीकडे काडीची किंमत नाही.

पण पाळी मोजणाऱ्याला यंत्राच्या भाषेत 'मालक' म्हणतात, आणि साहेबांना तेवढंच पुरलं. त्यांनी गुपचूप आपल्या राउटरला चालेल तेवढा मोठ्यात मोठा क्रमांक देऊन टाकला. पलीकडे मेहुण्यानेही नेमकं तेच केलं होतं.

सकाळी केबल जोडली आणि काहीच झालं नाही. समोरून आपलाच क्रमांक येतोय म्हटल्यावर दोन्ही राउटर ओळखच देईनात. परिचारिका रक्ताचे अहवाल हातात घेऊन दोन इमारतींमध्ये पळू लागल्या.

"तू एकाने कमी कर," साहेब मेहुण्याला फोनवर म्हणाले.

"तुम्ही करा ना, दाजी. मोठ्यांनी जरा समजून घ्यावं."

"मोठा आहे म्हणूनच सांगतोय."

दुपार कलली तरी घोडं तिथेच अडलेलं. दोन शिकलेसवरले बाप्ये, आणि एक आकडा खाली यायला तयार नाही. शेवटी संचालकबाईंनी बाहेरून एक तंत्रज्ञ बाई बोलावली. तिने दोन्हीकडच्या संगणकांचे पडदे पाहिले आणि घडला प्रकार सांगितला.

"मुदतवाढीचं आता राहू द्या," संचालकबाई साहेबांना म्हणाल्या. "महिनाअखेरीला या बाईंकडे कामाचा ताबा द्या."

साहेब मटकन खुर्चीत बसले. पुढच्या महिन्यापासून घरात दिवसभर कोणाच्या तोंडाकडे बघायचं, हे त्यांना कळेना. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

तंत्रज्ञ बाईने कीबोर्ड पुढे ओढला. "साधे क्रमांक टाकते. एक आणि दोन. जुन्या इमारतीला एक देऊ ना?"

साहेबांनी रुमालाने डोळे टिपले.

"दोन द्या," ते म्हणाले.